बारा नातेवाइकांची हृदयं

धुतलेल्या कोटाच्या खिशातून निघालेला कागदाचा गोळा मामांनी उलगडला. त्यावर बॉलपेनाने लिहिलेली बारा नावं शाबूत होती. त्यांच्यासमोर शाईने लिहिलेलं मात्र सगळं निळे ढग होऊन पसरलं होतं. ढग मोठे सुरेख होते. मामा क्षणभर त्यांतच रमले, आणि मग त्यांनी कोटाचे बाकीचे खिसे उलटे करून पाहिले.

मधुमेहात हृदय का थकतं, यावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत मामा जुने तंत्रज्ञ होते. प्रयोगात बारा उंदीर होते, सहा साखरेचे, म्हणजे मधुमेह दिलेले, आणि सहा साधे. त्यांच्या हृदयपेशींतली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या इवल्या भट्ट्या, कितपत धड आहेत हे मोजायचं काम पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीकडे होतं. तिला सगळे थीसिसवाली म्हणत. मोजताना मन कुठल्या बाजूला झुकू नये म्हणून कोण साखरेचा आणि कोण साधा हे तिला सांगायचं नव्हतं. ते फक्त मामांच्या कागदाला ठाऊक होतं. "खुणा अशा ठेवा, की कुणाला अंदाज येता कामा नये," असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी बजावलं होतं. मामांनी मग उंदरांना आपल्या नातेवाइकांचीच नावं देऊन टाकली.

मायक्रोस्कोपच्या खोलीत अंधार होता. पडद्यावर त्या भट्ट्यांचे हिरवे दिवे तरंगत होते. काही शिस्तीत रांगेने, काही विस्कटून ठिपके झालेले. तीन महिने थीसिसवाली या हिरव्या पाण्याखालीच राहत होती. मामाही तिथे आले की कशाला आलो ते विसरत आणि नुसते बघत उभे राहत.

"मामा, मोजून झालं!" ती म्हणाली. "आता कागद द्या. मॅडमना चारच्या आत निकाल हवाय. परिषदेत मला बोलायला मिळणार की नाही, ते त्यावर ठरणार."

मामांनी ढग पुढे केले.

"हे काय?"

"धुतलं गेलं."

"आणि उंदरांचं साठवलेलं रक्त तपासून कळायला चार दिवस लागतात! आठवा ना, मामा. कुठल्या हिशेबाने ठेवलीत नावं?"

"उंदीर चिठ्ठ्या टाकून वाटले गं. नावं रागाने वाटली. त्या आठवड्यात ज्यांच्यावर राग होता, ते साखरेत."

"मग कुणाकुणावर होता?"

"राग माझ्या लक्षात राहत नाही."

"मग कुणाच्या राहतो?"

मामांनी घरी फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि अडचण सांगितली.

"उंदीर आले तो आठवडा ना?" मामी पलीकडून म्हणाल्या. "म्हणजे थोरल्या साडूंनी आपली शिडी नेली तो. लिही गं पोरी, साडू साखरेत. धाकट्या वहिनींनी स्वेटर धाडला होता, त्या साध्या. चुलतभावाने ह्यांचा फोन कापला होता. साखर!"

मामी कुणाचंच देणंघेणं विसरत नसत. एकेक नाव पुढे सरकत होतं आणि थीसिसवालीचा आवाज चढत होता. तिच्या मोजणीत रागातले तेवढे विस्कटलेले, लोभातले तेवढे रांगेत.

"अकरा जुळले! आता बारावं. 'आमची ही'."

मामांनी फोन जवळ ओढला.

"साधी," मामा घाईने म्हणाले. "अगं, तू साध्यातच."

"साखरेचे किती झाले, पोरी?"

"पाच."

"आणि हवेत किती?"

थीसिसवालीने मामांकडे न बघता सांगितलं, "सहा."

"अहो..." मामी म्हणाल्या.

मामांनी हिरव्या दिव्यांकडे बघत कबुली दिली. "तू माझ्या चहातली साखर बंद केली होतीस."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं!"

"डॉक्टरांवर रागावून काय करू? ते काय आपले नातेवाईक आहेत?"

"म्हणून मला उंदीर केलंत?"

"दोन दिवसांत राग उतरला गं. पण गट बदलता येईना. मग तुझ्या पिंजऱ्यात जास्तीचा कापूस घालायचो. पाठीवरून हात फिरवायचो. गुणगुणायचोसुद्धा."

 

"काय गुणगुणायचात?" मामींनी हळूच विचारलं.

"थांबा!" थीसिसवाली खुर्चीतून उठलीच. "बाराही उंदरांना सारखं वागवायचं होतं, मामा! हा नमुना बाद!"

"पण पोरी, एवढं करूनही तिच्या भट्ट्या विस्कटल्याच?"

"साखर चढलेलीच होती ना, मामा. कापसाने ती कशी उतरेल?"

"म्हणूनच चहातली बंद केली," फोन म्हणाला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी कपाळावर हात मारला. 'रक्ताच्या तपासणीवर अवलंबून' अशी टीप घालून त्यांनी अकरांचा निकाल पाठवला. चार दिवसांनी रक्तानेही मामींची यादी अक्षरशः खरी ठरवली. थीसिसवालीला परिषदेत बोलायला मिळालं आणि पुढे शोधनिबंधही छापून आला. तक्त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. मामांनी घरी नेऊन ती मराठीत वाचून दाखवली. 'एका नमुन्याला अतिरिक्त काळजी मिळाल्याने तो वगळण्यात आला आहे.'

मामींनी ती तीनदा वाचायला लावली. मग थोरल्या बहिणीला फोन लावला.

"ताई, माझं छापून आलंय गं. नाव? छे, नाव नाही छापलं. कारण छापलंय."