चेहरा फलकाप्रमाणे करण्याबाबत

माणसाचा चेहरा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असतो, हा समज अजून कुठल्या कायद्याने रद्द केलेला नाही. परभणी जिल्ह्यात तशी गरज पडलेली नाही. पूर्णा तालुक्यातील चुडावा येथे चेहरा ही हातपंपासारखी सार्वजनिक सोय आहे. तो कुणाच्याही दारासमोर असो, बिघडला की सगळे थांबून पाहतात आणि प्रत्येक जण एकदा दांडा हलवून बघतो.

ही व्यवस्था एरवी सुरळीत चालते. अडचण आली ती सुकेशनी वाव्हळे या अकरा वर्षांच्या मुलीला एकाच महिन्यात दोन गोष्टी घडल्याने. शिष्यवृत्ती परीक्षेत ती तालुक्यात पहिली आली. आणि तिच्या कपाळावर व गालांवर पुटकुळ्या आल्या. पहिली बातमी शाळेतून गावात यायला वेळ लागला. दुसरी तिच्या आधीच घराबाहेर पडली होती.

या वयात चेहऱ्यावर पुटकुळ्या येणे ही वैद्यकशास्त्राच्या मते साधी बाब आहे. गावाचे शास्त्र त्याहून पुढे गेलेले आहे. चुडाव्यातील प्रौढांपैकी शंभर टक्के लोकांना पुटकुळ्यांवरचा खात्रीचा उपाय माहीत आहे. (यांतील बहुतेकांना त्या वयात पुटकुळ्या होत्या आणि त्या उपायाची वाट न पाहता गेल्या, पण हा मुद्दा आकडेवारीत बसत नाही.)

परीक्षेच्या यशाची दखल गुणवंत सत्कार समितीने घेतली. समितीचे अध्यक्ष शिवशंकरराव यांचे खत-बियाण्यांचे दुकान आहे. गुणवत्ता ओळखण्याची त्यांची पद्धत जुनी आणि पारदर्शक आहे: आधी फलक लावायचा, मग गुणवंत कोण ते विचारायचे. त्यानुसार एस.टी. थांब्यासमोर भव्य फलक लागला. त्यावर एकतीस शुभेच्छुकांची छायाचित्रे होती. उरलेल्या जागेत सुकेशनी होती.

फलक पूर्ण्याच्या बबलूने तयार केला. बबलूकडे कुठलाही चेहरा छपाईला जाण्याआधी साफ होतो. हा नियम आहे, त्याला गिऱ्हाइकाने सांगावे लागत नाही. त्याने सुकेशनीच्या पुटकुळ्या काढल्या. लहानपणी ओट्यावरून पडल्याची भुवईवरची खूण काढली. रंग दोन-तीन पायऱ्या वर नेला आणि ओठांना किंचित गुलाबी केले. शुभेच्छुकांनाही हीच वागणूक मिळाली. बत्तीस माणसे एकाच रंगाची निघाली, त्यामुळे सामाजिक समतेच्या दृष्टीने फलकात दोष काढायला जागा नव्हती.

दोष सुकेशनीत होता, हे दुसऱ्या सकाळी उघड झाले. शाळेला जाताना ती फलकाखाली थांबली असता तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्याने तिला जवळ बोलावले.

"बघ पोरी, ह्याला म्हनत्यात लेकरू. आभ्यासबी करती अन् तोंडबी नीट ठेवती. न्हाईतर तू."

"आजोबा, ती मीच हाय."

"चल! एवढ्या सकाळी खोटं बोलायलीस?"

म्हाताऱ्याची नजर अधू नव्हती. त्याने फलकाकडे आणि मुलीकडे आळीपाळीने पाहिले, पुरावा तपासला आणि मोठ्या चेहऱ्याच्या बाजूने निकाल दिला. दिवसभरात आणखी काही जणांनी हाच निकाल कायम केला. संध्याकाळी समिती वाव्हळ्यांच्या घरी दाखल झाली.

सुकेशनीचे वडील सुगत पूर्ण्याला रेल्वेत आहेत आणि त्या वेळी कामावर होते. घरी आई मनिषा आणि आजी गीताबाई होत्या. समितीने चहा घेतला, मुलीला उजेडात उभे केले आणि पाहणी केली. शिवशंकररावांनी विषय हळुवारपणे मांडला.

"वहिनी, आमी काय पोरीला नावं ठिवायलाव का? न्हाई. पोरगी सोनं हाय. पन पाहुणे यायलेत मोठे. त्यायनी फ्लेक्स बघितला अन् स्टेजवर दुसरंच तोंड दिसलं, तर म्हनतील समितीनं घोळ केला."

सुकेशनी म्हणाली, "मग फोटो बदला की काका."

समितीला हसू आले. "अगं बाई, फ्लेक्स छापून झालाय. आता त्यात बदल व्हत न्हाई."

मुलगी अजून छापून झालेली नव्हती. तिच्यात बदलाला वाव होता. त्यामुळे सत्काराच्या दिवसापर्यंत चेहरा फलकाप्रमाणे करून द्यावा, असे सर्वानुमते ठरले. मुलीचे मत विचारात घेण्यात आले. तिला फक्त एकच जाणून घ्यायचे होते.

"मनोगत मीच बोलनार ना? माझं पाठ झालंय."

"तूच की. तोंड तेवढं नीट कर."

मनोगत म्हणजे सत्कार झालेल्याने दोन शब्द बोलण्याची प्रथा. सुकेशनीने ते शब्द स्वतः जुळवले होते, बाईंना दाखवले होते आणि शेळीला वैरण टाकताना मोठ्याने म्हणून पाहिले होते. तिला शाल नको होती. नारळ घरी होता. तिला माईक हवा होता, आणि त्याच्या वाटेत आता तिचे स्वतःचे तोंड उभे होते.

घराने जबाबदारी झटकली नाही. गीताबाईंनी हळद आणि बेसन लावले. काकूने लिंबू चोळले, कारण हळदीने काही होत नाही. शेजारणीने टूथपेस्ट लावली, कारण लिंबाने आग होते आणि टूथपेस्टने थंड वाटते. ती वाळल्यावर खरवडून काढावी लागली. मावशीने दोन पुटकुळ्या नखाने फोडल्या आणि आत काहीच नव्हते म्हणून नाराज झाली. शेवटी पूर्ण्याहून एक ट्यूब आली. ती तालुक्यात खरजेला, चिलटे चावल्यावर आणि हळद लागायच्या आठवड्यात नवरीला, अशी तिन्ही कामी वापरली जाते. तिच्यावर जे बारीक अक्षरात छापलेले होते ते वाचण्याइतके इंग्रजी घरात फक्त सुकेशनीला येत होते, आणि तिच्या डोळ्यांवर त्या वेळी काकडीच्या चकत्या होत्या.

ट्यूबने चेहरा प्रथम उजळला. समितीचे सदस्य येऊन समाधान व्यक्त करून गेले. त्यानंतर गाल लाल झाले, मग सोलवटले, आणि पुटकुळ्या पूर्वीपेक्षा जास्त संख्येने परतल्या. हनुवटीही आता लढाईत सामील झाली होती. मुलगी बोलताना गाल दुखतात म्हणून मनोगत मनातल्या मनात म्हणू लागली. तेव्हा मनिषाने कुणाला न विचारता तिला परभणीला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेले. गीताबाई सोबत गेल्या. मोठ्या डॉक्टरांकडे जायचे तर मोठे माणूस लागते.

डॉ. शुभदा यांनी चेहरा पाहिला, ट्यूब पाहिली आणि ट्यूब सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. (गीताबाईंच्या चेहऱ्यावर या क्षणी जे दिसले त्यावर त्वचाशास्त्रात उपचार नाही.) यात स्टेरॉइड आहे, लेकराच्या तोंडाला हे लावायचे नसते, त्यानेच हे भडकले, असे त्यांनी सांगितले. मग कागदावर लिहून दिले ते असे: सौम्य साबणाने सकाळ-संध्याकाळ तोंड धुणे. घासू नये, मऊ कापडाने टिपावे. साधे, बिनवासाचे मलम, कातडी कोरडी पडते म्हणून. केसांचे तेल कपाळावर उतरू देऊ नये. फोडू नये. दुसरे काहीही लावू नये. शेवटी, खाली रेघ मारून: घरच्यांनी व पाहुण्यांनी चेहऱ्याबद्दल बोलू नये.

"अन् इंजेक्शन?" गीताबाईंनी विचारले.

"कशाला, आजी? मुलगी मोठी होतेय, एवढंच आहे. वाढलं किंवा दुखलं तर आणा, मग औषध देऊ."

"मोठी व्हायली ते आमालाबी दिसायलंय, बाई. त्याच्यावर काय औषध हाय का?"

डॉक्टर हसल्या. सुकेशनी हसली नाही. तिने विचारले, "मॅडम, तोंडावर असं असल्यावर स्टेजवर बोललं तर चालतंय का?"

"अगदी चालतं. काही हरकत नाही."

हे वाक्य मात्र त्यांनी लिहून दिले नाही. ते शिक्क्यासह मिळाले असते तर पुढचे टळले असते.

गावात त्या कागदाचे स्वागत थंड झाले. जे चुरचुरत नाही ते काम करत नाही, या तत्त्वावर चुडाव्याची सर्व औषधयोजना उभी आहे, आणि या साबणाला तर धड वासही नव्हता. "तोंड धुवायला सांगायला परभनीची डॉक्टरीन कशाला लागती?" असे काकूचे म्हणणे पडले. तरी मनिषा अडून बसली. साबण, पाणी, मलम, एवढेच. कागदावरची सर्व कलमे घरात पाळली गेली, शेवटचे सोडून. ते पाळायचे तर दारावर पहारा ठेवावा लागला असता.

चेहरा शांत होऊ लागला. सालपटे गेली, लाली उतरली, पुटकुळ्या जागच्या जागी बसल्या. सत्काराच्या आदल्या दिवशी समिती आली तेव्हा तो अकरा वर्षांच्या मुलीचा बऱ्यापैकी निरोगी चेहरा होता. म्हणजेच फलकाशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

समितीने अंगणात बसून मार्ग काढला. मुलीला दुखवायचे नव्हते. पाहुण्यांना फसवायचे नव्हते. ज्या चेहऱ्याचे अभिनंदन जाहीर झाले आहे त्याचाच सत्कार होणे नियमाला धरून होते, आणि तो चेहरा थांब्यासमोर तयार होता. सत्कार फलकाचा करावा, असे ठरले. मुलीचे मनोगत अध्यक्ष वाचून दाखवतील.

"माझं मी बोलते की काका," सुकेशनी म्हणाली.

"पुढच्या वर्षी बोल, बाळा. तवर समदं नीट व्हईल."

कार्यक्रम थाटात झाला. पाहुण्यांनी शिडीवर चढून फलकावरील चेहऱ्याला हार घातला. हार पाहुण्यांच्या स्वतःच्या गळ्याच्या मापाने, म्हणजे गुडघ्यापर्यंत, करवून घेतलेला होता. त्याने 'हार्दिक अभिनंदन' ही अक्षरे पूर्ण झाकली. खाली नारळ ठेवला, शाल अंथरली, उदबत्त्या लावल्या. मग शिवशंकररावांनी मिशीवरून हात फिरवून कागद उघडला आणि "मी माझ्या आईची लाडकी लेक" असे वाचायला सुरुवात केली. टाळ्या पडल्या. दुसऱ्या वाक्याला पाहुण्यांची निघायची वेळ झाली, म्हणून उरलेल्या वेळात देणगीदारांची नावे घेण्यात आली. सुकेशनी मंडपाच्या खांबाशी ओढणीने तोंड झाकून उभी होती. डोळे उघडे होते, त्याला समितीची हरकत नव्हती.

सूर्य कलताना जिंतूरची माणसे घेऊन आलेली गाडी थांब्यावर थांबली. तिच्यात मनिषाचे भाऊ लिंबाजी होते. भाचीच्या सत्काराला निघालेले, परभणीची गाडी चुकल्याने उशीर झालेला, हातात पेढ्यांचा पुडा. खिडकीतून त्यांना भाचीचा मोठा फोटो दिसला. फोटोला हार दिसला. खाली नारळ आणि उदबत्त्या दिसल्या. लिखित मजकूर झेंडूखाली होता.

लिंबाजी उतरले ते ओरडतच. "सुके! माझे माय! कुठं गेलीस गं!"

थांब्यावर वीस-पंचवीस माणसे होती. यांतील निम्मी दुपारी टाळ्या वाजवून आली होती. परंतु मुलीचा सख्खा मामा जिंतूरहून रडत येतो म्हणजे त्याला आतली खबर असणार, हे कुणालाही पटावे. एकाने टोपी काढली. बायांनी पदर डोळ्याला लावले. "दुपारी तर दिसली न्हाई स्टेजवर," एक जण हळूच म्हणाला, आणि मग शंकाच उरली नाही. मामाला दोन्हीकडून धरून लोक वाव्हळ्यांच्या घराकडे निघाले. वाटेत गर्दी वाढत गेली. सत्काराला आली होती त्याहून ती खचितच मोठी होती.

सुकेशनी अंगणात तोंड धूत होती. लिंबाजींनी तिला पाहिले, पेढे टाकले आणि ओल्या तोंडासकट छातीशी धरले.

"जिती हाईस! माझं लेकरू जितं हाय!"

लोकही गहिवरले. काही क्षण अंगणात निखळ आनंद होता. मग मामांनी तिला हातभर दूर धरले, हनुवटी उजेडाकडे वळवली आणि कपाळाला आठी घातली.

"ह्ये काय गं उठलंय तोंडावर?"

"तुरटी लावा," मागून कुणीतरी डोळे पुसत म्हणाले.

"तुरटी न्हाई, कडुनिंब. आमच्या पोरीचं असंच व्हतं."

रडायला आलेल्या बायांनी पदर खोचले आणि जवळ सरकल्या. सुकेशनीने मऊ कापडाने तोंड टिपले, घासले नाही.

"मामा, रडून झालं असंल तर बाजंवर बसा. तुमी समदे बसा. मला बोलायचंय."

रडून दमलेली माणसे वाद घालत नाहीत. ती बसली. "आदरणीय व्यासपीठ," असे सुकेशनी बाजेकडे बघून म्हणाली आणि तिने मनोगत सुरू केले. माईक नव्हता. ती एकदाही अडखळली नाही. मनिषा चुलीशी उभी राहून शेवटपर्यंत ओठ हलवत होती, कारण तिलाही ते पाठ झाले होते. संपल्यावर टाळ्या वाजल्या, आणि त्या दुपारच्या टाळ्यांपेक्षा जास्त वेळ टिकल्या.

अंगणातून बाहेर पडणाऱ्यांना ती काय बोलली हे विचारण्यात आले. "लय भारी बोलली," असे सर्वांनी सांगितले. नेमके काय, ते एकालाही सांगता आले नाही. पुटकुळ्या कपाळावर जास्त होत्या की गालावर, यावर मात्र फाट्यापर्यंत चर्चा चालली होती.

त्यांना दोष देता येणार नाही. या मुलीला परीक्षेत गुण किती मिळाले, हे वर कुठेही लिहिलेले नाही, आणि इथपर्यंत येताना तुमचेही त्यावाचून काही अडलेले नाही. एक उपाय तेवढा तुमच्या ओठांवर येऊन थांबलेला आहे. खात्रीचा आहे, हे मान्य. तरी गिळून टाका.