प्रमाणित हिरवा

हिरवा रंग कोणता, हा प्रश्न सुरुवातीला एका घरापुरता होता आणि तो दुपारच्या चहाआधी मिटेल असा घरातल्या सर्वांचा समज होता.

घर होतं कवळ्या करणाऱ्या कारागिराचं. गावातले तीन दंतवैद्य रुग्णांच्या जबड्यांचे साचे त्याच्याकडे पाठवत आणि तो दात घडवून परत पाठवी. दातांच्या सोळा छटांची एक पट्टी त्याच्या टेबलावर असे, पण ती शोभेपुरतीच. माणूस एकदा हसला की याला त्याच्या दातांचा रंग कळे. शिवाय तो चहा किती पितो, सिगारेट ओढतो का आणि ते बायकोपासून लपवतो का, हेही कळे. बावीस वर्षांत रंग जुळला नाही म्हणून एकही कवळी परत आली नव्हती. लोक त्याला कवळीकार म्हणूनच ओळखत.

त्याच्या सासऱ्यांनी उमेदीची अकरा वर्षं लष्करात एक गाडी चालवली होती. आता ते ब्याऐंशीचे होते, मुलीकडे राहत होते आणि त्यांची नजर चालली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ भिंगातून पाहून सांगितलं, "वर्षभर दिसेल. जे पाहायचं ते पाहून घ्या."

घरी येताना वाटेतच सासरे म्हणाले, "जावईबापू, आमची गाडी तेवढी एकदा बघायला मिळाली असती, तर बरं झालं असतं."

तसली एक गाडी तीन तासांवरच्या गावात, नगरपालिकेच्या बागेत उभी होती. पण सासरे एकदा ती पाहायला गेले होते आणि तडकाफडकी परत आले होते, कारण पालिकेने तिच्या पाठीला घसरगुंडी जोडली होती. तेव्हा कवळीकाराने प्रतिकृतीचा जोडसंच मागवला. पस्तीसपट लहान, पण खिळा न् खिळा खरा. दात बसवायचा चिमटा घेऊन त्याने नऊ दिवसांत जोडकाम उरकलं. आता रंग तेवढा राहिला. शनिवारी सकाळी त्याने चपला घातल्या आणि "हिरवा घेऊन आलोच," असं बायकोला सांगून तो निघाला.

रंगाच्या दुकानात मागच्या फळीवर हिरव्याच्या एक्केचाळीस बाटल्या होत्या. सगळ्या सारख्याच दिसत होत्या, पण तसं बोलून दाखवणाऱ्याला तिथे उभं करत नसत.

"लष्करी गाडीला लावायचा हिरवा द्या," कवळीकार म्हणाला.

"कारखान्यातून निघतानाचा, छावणीत लावलेला, की उन्हात विटलेला?" रंगवाल्याने विचारलं.

कवळीकाराने फळीवरून नजर फिरवली आणि एका बाटलीवर बोट ठेवलं. "हा. यात चिमूटभर पिवळा आणि एक थेंब काळा घातला की झालं."

रंगवाला दचकला. त्याने दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "नुसत्या डोळ्यांनी ठरवलंत? अहो दादा, गेल्या वर्षी मी एकाला असाच हिरवा दिला, तर मंडळाने तीन महिने माझ्या दुकानावर बहिष्कार टाकला. आता मंडळाची चिठ्ठी आणल्याशिवाय मी कुणाला गवतसुद्धा दाखवत नाही."

मंडळ म्हणजे लघुवाहन अचूकता मंडळ. ते दर दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या माळ्यावर भरे. सभासद अकरा होते आणि अकराही पदाधिकारी होते. अध्यक्ष म्हणजे रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर. चिटणीस हयातीचे दाखले तपासणाऱ्या कचेरीत होते. समोर बसून खोकणाऱ्या माणसाकडे तो जिवंत असल्याचा कागद मागायची त्यांना तीस वर्षांची सवय होती. कवळीकाराने मोठ्या उमेदीने आपली गाडी टेबलावर ठेवली.

"पहिला मुद्दा असा, की रंगही लहान होतो," अध्यक्ष म्हणाले. "मोठी गाडी लांबून पाहिली की लहान दिसते. लांबून पाहिली की मध्ये हवा येते. हवा आली की रंग फिका पडतो. म्हणून लहान गाडीला फिका रंग. पस्तीसपट लहान असेल तर पंधरा टक्के फिका."

"पण सर, ही हातात घेऊनच बघायची आहे. माझे सासरे बघणार आहेत."

"किती अंतरावरून?"

"वीतभर असेल."

"असेल नको. नमुना सातवर लिहून द्या," चिटणीस म्हणाले. "बघणाऱ्याचं नाव, अंतर, खोलीतल्या दिव्याचा प्रकार आणि चष्म्याचा नंबर. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतील."

"मग या हिशोबाने लहान मुलांचे दात मोठ्या माणसांपेक्षा…"

"हा विषय आजच्या विषयपत्रिकेवर नाही," अध्यक्ष म्हणाले.

कवळीकाराने नमुना सात भरून दिला. तो तपासून यायला दोन महिने गेले. तेवढ्यात सासऱ्यांच्या चष्म्याचा नंबर वाढला, सबब अर्जातील माहिती वस्तुस्थितीशी विसंगत ठरली आणि अर्ज नव्याने भरावा लागला. तो तपासून होईतो नंबर पुन्हा वाढला. चिटणिसांनी सहानुभूतीने सुचवलं, की नजर पूर्ण गेली म्हणजे नंबर स्थिर होईल आणि प्रकरण मार्गी लागेल.

इकडे सासरे रोज सकाळी विचारत, "झाला का हो रंग?" आणि कवळीकार सांगे, "प्रक्रियेत आहे, बाबा."

बायकोला हे प्रकरण झेपेना. "दात करताना कुणाची चिठ्ठी आणता? तुम्हीच म्हणाला होतात ना, पिवळा नि काळा? लावा आणि द्या बाबांना."

"आणि चुकला तर?" कवळीकार कळवळून म्हणाला. "त्यांनी डोळे भरून पाहायची शेवटची गोष्ट, आणि ती चुकीची? अगं, माझ्याच्याने नाही होणार ते."

हे तो मनापासून बोलत होता, यात शंका नाही. पण खरं सांगायचं तर मंडळाची हवा त्यालाही लागली होती. हल्ली तो बाजारात पालक घेतानाही जुडी उजेडात धरून विचारी, की हा पंधरा टक्क्यांच्या आधीचा का नंतरचा. दंतवैद्यांकडे जाणाऱ्या कवळ्यांना उशीर होऊ लागला होता. एका म्हाताऱ्या बाईला त्याने विचारलं होतं, की तुमचे दात समोरचा माणूस किती अंतरावरून पाहणार आहे.

शेवटी त्याने विचार केला, की पुराव्यालाच घेऊन जावं. पुढच्या दुसऱ्या रविवारी तो सासऱ्यांचा हात धरून वाचनालयाचा जिना चढला. "यांनी ती गाडी अकरा वर्षं चालवली आहे. धुतली आहे, रंगवली आहे, तिच्याखाली झोपलेसुद्धा आहेत. यांनाच विचारा," तो म्हणाला.

सासरे खुर्चीवर ताठ बसले. "हे बघा, वरून पिंप यायचं. त्यात असेल तो हिरवा. कमी पडला की डिझेल ओतून वाढवायचा. कुंचले कुणीतरी नेलेले असायचे, मग आम्ही खराट्याने लावायचो. एकदा निम्मी गाडी झाली आणि पिंप संपलं. साहेब म्हणाले, उरलेल्याला चिखल फासा. फासला. लांबून काही फरक कळत नव्हता."

एका उपाध्यक्षांनी कानांवर हात ठेवले.

"आजोबा, तुमच्याबद्दल आदर आहे," चिटणीस म्हणाले. "पण ही तोंडी माहिती झाली. शिवाय तुमचे डोळे अधू आहेत, असं नमुना सातमध्ये तुमच्या जावयांनीच लिहून दिलंय."

"अहो, तेव्हा चांगले होते!"

"तेव्हा तुम्ही मंडळाचे मान्यताप्राप्त निरीक्षक होतात का?"

सासऱ्यांनी क्षणभर विचार केला. "नव्हतो बुवा. तेव्हा मी गाडीत होतो."

साक्ष एकमताने फेटाळण्यात आली. पण खराट्यामुळे मंडळाच्या इतिहासाला जबर धक्का बसला होता, त्यामुळे बागेतल्या खऱ्या गाडीची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा ठराव झाला. अकराही पदाधिकारी, कवळीकार, भिंग आणि खरवडणी असे सगळे बागेत पोचले. पोरं घसरगुंडीवरून उतरत होती, त्यांच्या मधूनमधून रंग खरवडण्यात आला. वरचा थर निघाला, त्याखाली दुसरा निघाला, आणि असे चौदा थर कांद्यासारखे निघत गेले. सातवा गुलाबी होता.

बागेचा माळी झारी घेऊन पाहत होता. त्याने खुलासा केला, "बाकांना लावून उरला की हिला लावतो. हिचा उरला की कुंपणाला. गुलाबी म्हणताय तो बालवाडीचा."

अध्यक्षांनी मंडळाचं छटापुस्तक गाडीला लावून पाहिलं. चौदांपैकी एकही थर पुस्तकाशी जुळेना. तेव्हा तिथेच झाडाखाली बैठक भरली आणि असा निर्णय झाला, की सदरहू मूळ गाडी ही अचूक नाही. तिला मंडळाच्या प्रदर्शनात भाग घेण्यास कायमची बंदी घालण्यात आली. माळ्याने तिच्या वतीने काही हरकत घेतली नाही.

गोष्ट इथे थांबती तरी बरं होतं. पण मंडळाने पालिकेला पत्र लिहिलं, की गाडीला योग्य तो रंग द्यावा म्हणजे तिच्यावरून आमच्या अर्जदाराच्या प्रतिकृतीचा रंग ठरवता येईल. पालिकेचं उत्तर आलं, की रंग द्यायला आम्ही तयार आहोत, तरी आपल्या अर्जदाराची अचूक रंगवलेली प्रतिकृती नमुन्यादाखल पाठवावी. मंडळाने कळवलं, की प्रतिकृती आपल्या गाडीवर अवलंबून आहे. पालिकेने कळवलं, की गाडी आपल्या प्रतिकृतीवर अवलंबून आहे. दोन्ही पत्रं नियमाला धरून होती. गाडी बागेत तशीच उभी राहिली, निकालापर्यंत जमा करून घेतलेली तिची प्रतिकृती चिटणिसांच्या कपाटात राहिली, आणि सासरे वर्तमानपत्राच्या मथळ्यांवरून जाहिरातींच्या चित्रांवर आले, आणि पुढे तीही दिसेनाशी झाली.

"झाला का हो रंग?" हा प्रश्न त्यांनी एके दिवशी विचारला नाही. तो न विचारलेला प्रश्न कवळीकाराला फार लागला. त्या रविवारी तो मंडळाच्या सभेत उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडला, "कुठलातरी हिरवा ठरवा हो! माणूस आंधळा होतोय तिकडे!"

कुठलातरी हा शब्द त्या माळ्यावर पूर्वी कुणी उच्चारला नव्हता. दोन पदाधिकाऱ्यांना पाणी द्यावं लागलं. मग अध्यक्षांनी विशेष अधिकार वापरून तोडगा काढला. कुठल्याही हिरव्यावर अन्याय नको म्हणून एक्केचाळीसही बाटल्यांतून एकेक थेंब घेण्यात आला, वर पंधरा टक्के पांढरा आणि वीतभर अंतराची सूट म्हणून तीन टक्के काळा मिसळण्यात आला. जे तयार झालं ते सांडपाण्याच्या रंगाचं होतं. त्याला प्रमाणित हिरवा असं नाव देऊन बाटलीवर शिक्का मारण्यात आला. कवळीकाराने एका दुपारी तो रंग लावला. आपल्या डोळ्यांना तो हिरवा दिसत नाही, हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. डोळ्यांवर आता त्याचाच विश्वास उरला नव्हता.

वार्षिक प्रदर्शनात त्या गाडीला पहिलं पारितोषिक मिळालं. तीन परीक्षकांनी ती भिंगातून पाहिली. "रंग निर्दोष," एकाने शेरा मारला. "छटेत पूर्ण संयम," दुसऱ्याने लिहिलं. "गाडी जमिनीला घट्ट धरून आहे," असं तिसऱ्याने कौतुकाने नोंदवलं. टाळ्या झाल्या, आणि अध्यक्षांनी स्वतः ती गाडी उचलून पहिल्या रांगेत बसलेल्या सासऱ्यांच्या हातात दिली. चौदा महिने झाले होते. त्यांना आता खिडकी कुठल्या बाजूला आहे तेवढं कळत होतं.

सासऱ्यांनी दोन्ही हातांनी गाडी धरली. बोटं हळूहळू पुढून मागे गेली, वरून खाली आली आणि पोटाशी थांबली. त्यांनी ती उलटी केली, पुन्हा चाचपली.

"जावईबापू," ते म्हणाले, "रंग उत्तम असेल हो. पण चाकं कुठायत?"

कवळीकाराने पाहिलं. अध्यक्षांनी पाहिलं, परीक्षकांनी पाहिलं. गाडीला चाकं नव्हती. एकही नव्हतं. सुटी रंगवलेली बरी म्हणून कवळीकाराने ती पहिल्याच आठवड्यात खोक्यात बाजूला ठेवली होती. नमुना सात, साक्ष, पाहणी आणि पत्रव्यवहार, या सगळ्यांतून गाडी चौदा महिने पोटावर सरपटत आली होती. लाजेने कवळीकाराचे कान तापले. "चुकलो, बाबा," एवढंच त्याला म्हणता आलं.

"चाकांचा काळा हा स्वतंत्र विषय आहे," चिटणीस सावरून म्हणाले. "नमुना आठ."

कवळीकाराने पारितोषिक टेबलावर ठेवलं, सासऱ्यांचा हात धरला आणि तो घरी आला. खोकं शोधून त्याने बसल्या बैठकीला चाकं चिकटवली, रंगाशिवाय, कारखान्यातून आली तशी करडी. सासऱ्यांनी गाडी मांडीवर घेतली, बोटाने एक चाक फिरवून पाहिलं, आणि मग त्या म्हाताऱ्याने तोंडाने जो काही इंजिनाचा आवाज काढला, तो ऐकून मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली. ते तासभर गाडी चालवत होते. कवळीकार शेजारी बसून डोळे पुसत होता.

मंडळाच्या मूर्खपणाला आपण आता पोटभर हसलात, हे बरंच झालं. फक्त एक विचारायचं राहिलं. हिरवा कोणता निघतो, याची एवढा वेळ वाट पाहिलीत. पण ही गाडी होती तरी कसली, रणगाडा, मालट्रक की पाण्याचा टँकर, हे आपल्या मनात एकदा तरी आलं का? आलं नसेल, तर मंडळ दुसऱ्या रविवारी भरतं. आपला अर्ज चर्चेविना मंजूर झालेला आहे.