टाचा टेकवण्याची बैठक

टाकळवाडीत सोळा ते पंचवीस वयाच्या पोरापोरींना राग आला की त्यांचे पाय जमिनीवरून सुटतात. कुणी चार बोटं वर जातं, कुणी हातभर. डेअरीवाल्या कोंडेंचा थोरला तर तीन दिवस पाण्याच्या टाकीच्या उंचीवर होता, त्याचा डबा शिडीवरून जायचा. पूर्वी अशांना खाली ओढून दाव्यानं खुंट्याला बांधत. तालुक्याहून परिपत्रक आलं तसं बांधणं बंद झालं आणि शाळेच्या मैदानात बैठक सुरू झाली. रागावलेल्याच्या भोवती गावानं सतरंजी टाकून बसायचं, विचारायचं, ऐकायचं. उपदेशाला सक्त मनाई, कारण उपदेशानं माणूस आणखी वर जातो.

बुधवारी दुपारी तेजल खरातची बैठक लागली. गुरुवारी सकाळी जिल्ह्याच्या मैदानावर पोलीसभरतीची उंची मोजायची होती, आणि मोजताना टाचा फळीला टेकाव्याच लागतात. गेल्या साली तिच्या टेकल्या नाहीत. हवालदारानं ‘उमेदवार अधांतरी’ असा शेरा मारून तिला परत पाठवलं, तेव्हापासून ती वीतभर वरच होती. रोज पाच किलोमीटर धावली, तीही वीतभर वरून. यंदा हुकलं तर पुन्हा फॉर्म नाही, असं तिच्या वडिलांनी, निवृत्ती खरातांनी बजावलं होतं. आज खाली उतरायचंच, असं ठरवून ती मैदानात आली.

निवृत्त नर्स शेवंताकाकू मोजपट्टी घेऊन बसल्या. “बोल बाई, कुणाचा राग आहे?”

“हवालदाराचा.”

पट्टीवर फरक पडला नाही.

“नशिबाचा.”

तरी नाही. सरपंचांना राहवेना. “मी काय म्हणतो, पोरीच्या जातीनं जरा सबुरीनं...”

तेजल सर्रकन दोन बोटं वर गेली.

“सरपंच, तोंड आवरा!” काकू कडाडल्या. सरपंचांनी बैठकीपुढं दिलगिरी व्यक्त केली. काकू तेजलकडं वळल्या. “फळीवर चढलीस तेव्हा टाचा टेकल्या होत्या का गं?”

“टेकल्या होत्या.”

“मग?”

तेजलनं सतरंजीवर बसलेल्या वडिलांकडं बोट केलं. “मग गेटवरनं आमच्या टेम्पोची घरघर ऐकू आली. आबांनी इंजिन बंदच केलं नव्हतं. पोरगी परत येणार, हे धरूनच बसले होते!”

ती झपकन खाली आली आणि एका बोटावर थांबली. त्याच वेळी सतरंजीवरून निवृत्ती मांडी घातलेल्या अवस्थेत वर उचलले गेले.

“अहो, हे बावन्न वर्षांचे आहेत,” ग्रामसेवक म्हणाले. “परिपत्रकात पंचवीसपर्यंतच आहे.”

“मग त्यांना वाचून दाखवा,” काकू म्हणाल्या.

गावात टेम्पो एकच, तो निवृत्तीच चालवायचे, आणि अधांतरी माणसाचा पाय क्लचला पोचत नाही. तेजलनं पट्टी हातात घेतली आणि वडिलांसमोर बसली.

“कधीपासनं राग धरलाय, आबा?”

“एकोणिसाव्या वर्षापासनं.” निवृत्ती खाली बघेनात. “त्याच मैदानावर माझी छाती कमी भरली. बाप गेटवर उभा होता. तासभर सगळ्यांदेखत मला नाही नाही ते बोलला. मी वर गेलो, तर दाव्यानं बांधून उतरवलं. विचारलं कुणीच नाही. तुला तिथं तोंड लपवत उभं राहायला लागू नये, लगेच गाडीत घालून निघावं, म्हणून इंजिन चालू ठेवलं गं.”

“मग तसं सांगायचंत की!” तेजल ओरडली. वर मात्र गेली नाही.

“सांगायला जमलं नाही.” निवृत्ती हळूहळू सतरंजीवर टेकले.

“उद्या बंद करा.”

“करतो.”

काकूंनी तेजलच्या टाचांखाली पट्टी धरली. “एक बोट राहिलंय,” त्या म्हणाल्या. “ते काही इथं उतरायचं नाही.” बैठक उठली.

दुसऱ्या दिवशी तेजल अनवाणी फळीवर चढली.

“टाचा टेकवा,” हवालदार म्हणाला.

तिनं कान दिला. गेटबाहेर चहावाला कप विसळत होता. कुणीतरी शिंकलं. ती शिंक आबांची होती. बाकी काही आवाज नव्हता.

फळी गार होती.