व्हर्लिनने परत मागवलेली अंडी

व्हर्लिन ओबरहोल्टच्या अंड्यांना आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. निदान तो स्वतः तरी सगळ्यांना असंच सांगायचा. विस्कॉन्सिनमधल्या त्या लहानशा गावात एकतीस वर्षं पोस्टमनची नोकरी करून निवृत्त झाल्यावर त्याने परसात बारा कोंबड्या पाळल्या. या एप्रिलमध्ये त्यात चार पिल्लांची भर पडली. दर गुरुवारी तो मेपल रस्त्यावरच्या आठ घरी सहा-सहा अंडी पोचवायचा. फुकट. नको म्हणायची सोयच नव्हती, कारण तो दार उघडायच्या आधी आत शिरलेला असायचा.

त्या जूनमधल्या गुरुवारी तर त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. एका बड्या कंपनीने साल्मोनेला जंतूंच्या भीतीने दुकानांतली लाखो अंडी परत मागवल्याची बातमी सकाळीच रेडिओवर लागली होती. व्हर्लिनने प्रत्येक दारात ती पुन्हा वाचून दाखवावी तशी सांगितली.

"दुकानातली फेकून द्या. ही खा. या कोंबड्यांना मी नावानिशी ओळखतो."

शनिवारी सकाळी फोन वाजला.

"मिस्टर ओबरहोल्ट? काउंटीच्या आरोग्य खात्यातून नर्स बोलतेय. एप्रिलमध्ये तुम्ही कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानातून पिल्लं नेली होती ना?"

"नेली. का?"

"त्याच खेपेतली पिल्लं ज्यांनी नेली, त्यांपैकी तीन घरांत साल्मोनेलाचे पेशंट निघालेत. तुमच्याकडे कुणाचं पोट बिघडलंय?"

व्हर्लिनने बाथरूमच्या बंद दाराकडे पाहिलं. त्याची बायको आर्डिथ सकाळपासून तिथेच मुक्कामाला होती.

"बायकोचं जरासं," तो म्हणाला.

"पिल्लं आणि मोठ्या कोंबड्या एकत्र असतात?"

"एकाच खुराड्यात."

"कोंबड्या घरात येतात का?"

"छे." मग त्याला खोटं बोलवेना. "एक येते."

"कुठपर्यंत?"

"स्वयंपाकघरापर्यंत. ओट्यावर नाही चढत."

"तुम्ही चढू देत नाही?"

"तिचं आता वय झालंय."

नर्सने काहीतरी लिहून घेतलं. "तुम्ही त्यांना तोंडाजवळ धरता का?"

"जवळ म्हणजे किती जवळ?"

पलीकडे लिहिणं थांबलं. मग नर्सने शांतपणे सगळं समजावलं. कोंबडी ठणठणीत दिसली तरी तिच्या विष्ठेत हे जंतू असू शकतात, तिथून ते पिसांवर, अंड्याच्या कवचावर, माणसाच्या हातावर आणि बुटांवर येतात. आर्डिथची तपासणी करून घ्या. कोंबड्यांचे नमुने आम्ही नेतो. आणि वाटलेली अंडी परत आणा.

"लहान मुलं, म्हातारी किंवा आजारी माणसं असतील तिथे आधी जा," ती म्हणाली.

व्हर्लिनला एकच घर आठवलं. मिस प्रोकोप. वय चौऱ्याऐंशी. कॅन्सरच्या औषधांनी बाई आधीच चिपाड झालेल्या. गुरुवारी त्याने त्यांना सहाऐवजी बारा अंडी दिली होती, ताकद यावी म्हणून.

तो बाथरूमच्या दाराशी गेला. "आर्डिथ, डॉक्टरांना फोन केलाय. माझ्या अंड्यांमुळे कदाचित..."

"व्हर्लिन," आतून क्षीण आवाज आला, "दारापासून लांब जा."

मिस प्रोकोपच्या घराची बेल त्याने चार वेळा वाजवली. कुणी येईना. शेजारची डार्लीन झाडांना पाणी घालत होती.

"बाईंना सकाळीच भाचीने हॉस्पिटलात नेलं," ती म्हणाली.

"का नेलं?"

"ते काही त्यांनी सांगितलं नाही. बाईंचा चेहरा मात्र उतरलेला होता."

व्हर्लिनची खात्रीच पटली. आपण एका म्हाताऱ्या बाईला मारलं, आणि तेही फुकट, घरपोच. त्याने हॉस्पिटलात फोन लावला. नातेवाईक नसाल तर सांगता येणार नाही, असं उत्तर मिळालं. आता करण्यासारखं एकच उरलं होतं. बाकीची सात घरं.

डार्लीनपासूनच त्याने सुरुवात केली. तिने गॅरेजमधून खोका आणून दिला. सहाच्या सहा.

"खाल्ली नाहीस?"

"रविवारी करणार होते," ती पाण्याच्या नळीकडे बघत म्हणाली.

पुढच्या घरातही सहाच निघाली. त्याच्या पुढच्या घरात बारा, कारण मागच्या आठवड्याचीही तशीच होती. एका घरातून अठरा आली. त्या घरच्या गृहस्थांनी "आम्ही जपून वापरतो" असं म्हटलं आणि घाईने दार लावलं. सात घरी मिळून व्हर्लिनने बेचाळीस वाटली होती. साठ परत आली. पहिल्या तीन घरांत त्याला हायसं वाटलं. चौथ्यापासून ते कमी कमी होत गेलं.

दुपारी तो पुन्हा मिस प्रोकोपच्या पायरीवर येऊन बसला. थोड्या वेळाने भाचीची गाडी आली. बाई काठी टेकत उतरल्या.

"रक्त तपासायला गेले होते. दर महिन्याला जाते," त्या म्हणाल्या. "उपाशीपोटी नेतात मेले. तू का असा पांढराफटक?"

"बाई, अंडी खाल्लीत?"

"चार."

व्हर्लिनने डोळे मिटले. "कशी?"

"बारा मिनिटं उकडून. आधी-नंतर हात साबणाने धुऊन. आठवीत तुम्हा सगळ्यांना मीच शिकवलं होतं, पण तुझं लक्ष खिडकीबाहेर असायचं."

"पोट ठीक आहे?"

"पोट ठीक आहे. पायरीवरून ऊठ, मला आत जायचंय."

तो उठला, त्यांच्यासाठी दार धरलं, पण तिथेच रेंगाळला. "बाई, बाकी कुणी एकही अंडं खाल्लं नाही. सातपैकी एकाही घरात नाही."

मिस प्रोकोप खुर्चीत बसल्या. काठी नीट भिंतीला लावली.

"गेल्या वर्षी चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या जेवणात, अख्ख्या रस्त्यासमोर तू त्या तांबड्या कोंबडीच्या चोचीची पापी घेतलीस. मग तशाच हातांनी सगळ्यांसाठी कलिंगड कापलंस. कलिंगड कुणी खाल्लं होतं?"

"उन्हाने भूक मेलीय म्हणाले होते."

"हं."

"मग मला कुणी बोललं का नाही?"

"एकतीस वर्षं तू गुडघाभर बर्फातून त्यांची पत्रं आणलीस, व्हर्लिन. तुला कोण बोलणार? फ्रिजमध्ये आठ उरलीत, ती ने. आणि जाण्याआधी हात धू."

त्याने हात धुतले. बाई घड्याळाकडे बघत होत्या, म्हणून पुन्हा एकदा धुतले.

आर्डिथ मंगळवारपर्यंत हिंडूफिरू लागली. तिच्या तपासणीत साल्मोनेला नव्हता. पोटाची साथ होती, बहिणीकडून आलेली. कोंबड्यांच्या नमुन्यांतही काही सापडलं नाही. "या वेळी सापडलं नाही, एवढंच," नर्सने बजावलं. व्हर्लिनने खुराड्यापाशी साबण ठेवला, तिथले बूट तिथेच काढू लागला. म्हातारी कोंबडी दोन दिवस जाळीच्या दाराबाहेर उभी राहून आत बघत होती. त्याने मन घट्ट केलं.

तीन आठवड्यांनी त्याने घरोघर फोन केले. अंडी तपासलेली आहेत, पुन्हा सुरू करतोय. डार्लीनला डॉक्टरांनी अंडी बंद केली होती. तिच्या पलीकडच्यांनाही. अठरा अंडी परत करणाऱ्या गृहस्थांना तर पिवळा बलक नुसता बघायचीही मनाई होती. सातही घरांत पथ्य चालू होतं. मिस प्रोकोप तेवढ्या म्हणाल्या, "सहाच आण. बारा कशाला?"

व्हर्लिनने फोन ठेवला.

"काय म्हणाले सगळे?" आर्डिथने विचारलं.

"आजारी आहेत," तो म्हणाला. "सगळा रस्ता आजारी आहे."