इंगळे सरांची उन्हातली बाटली

चाळिशीचा बिनलग्नाचा माणूस बांगड्यांच्या दुकानात जाऊन नेमक्या दोनच बांगड्या मागतो, तेव्हा अख्ख्या वाशीमचे कान टवकारतात. कासाराने विचारलं, "कोनाच्या हातात भराच्या?"

"हातात कायले? एक आडवी, एक उभी, मेणानं एकाच ठिकानी चिकटवतो. झालं स्पायरो!"

हे आमचे इंगळे सर. साल त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर. कॉलेजात ते केमिस्ट्री शिकवत, मी इतिहास. आणि दोघंही एकाच घरात भाडेकरू. स्पायरो म्हणजे रेणूतली दोन कडी, दोन्हींना जोडणारा सामाईक कार्बन एकच. "दुसरं कडं आपोआप वळत नाई, भाऊ. लोखंडाचं कॉम्प्लेक्स, म्हंजे संयुग, लागते. ते दोनी टोकं धरून जवळ आनते." हे त्यांनी मला दाढी करताना सांगितलं, जऊळका गावी एका लग्नात भर पंगतीत सांगितलं. मी पानिपतावर आलो की यांचं लोखंड आडवं!

यात त्यांची पीएचडी नऊ वर्षं रखडली होती. नागपूरचे गाईड महिनाअखेर निवृत्त होणार, कॉम्प्लेक्स शेवटचं चिमूटभर उरलेलं. प्रयोगाला प्रखर उजेडाचा दिवा हवा, तो कॉलेजात नाही. "वाशीमचं ऊन काय कमी हाय?" म्हणत सरांनी भर मे महिन्यात बाटली घराच्या गच्चीवर मांडली. आत हवा गेली की सगळं बाद, म्हणून तोंडाला नायट्रोजन भरलेला फुटबॉलचा ब्लॅडर बांधला. चार दिवस स्वतः छत्री घेऊन राखण केली. तीही लांबून, बाटलीवर सावली नको म्हणून! छत्री असूनही नाक पार सोलून निघालं.

पाचव्या दिवशी तासभर कॉलेजात जाऊन आले, तर बाटली खाली माठाशेजारी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. ब्लॅडर खुंटीला. आतलं पिवळं द्रावण गंजासारखं तांबडं झालेलं.

घरमालकीण खाला समोर आल्या. "सर, फुग्गा तट्ट फुगला होता उनानं. बाटली फुटली असती ना! म्या हवा सोडली अन् थंड्यात ठेवली."

मी तोंड उघडणार, तोच सरांनी माझा हात दाबला. "बेस केलं, खाला. वाचवली तुमी." खाला खूश होऊन चहा टाकायला गेल्या.

मी भडकलो. "अहो, नऊ वर्षं मातीत गेली! सांगत काहून नाही त्यांना?"

सरांनी बाटलीभोवतीचं ओलं फडकं नीट केलं. डोळे भरले होते.

"माय गेल्यापासून, भाऊ, माही कोनती वस्तू कोनं उनातून सावलीत नेली नाई. तिले काय बोलू?"

आतून खालांनी हाक मारली, तेव्हा चहाला सरच आधी उठले.