येतो म्हणून गेलेला डोंगा

रुपराव सकाळी सातला घराला कुलूप लावत होते. शेजारच्या सिंधूताईंनी ओट्यावरूनच विचारलं, "कुठं चालले भाऊजी? आज मधू येऊन राहिला ना?"

"संध्याकाळच्या गाडीनं येते तो. त्याच्या आधी मी वापस."

मधुकर वडिलांना भिलाईला न्यायला येत होता. 'आई गेल्यापासून चार महिने तुम्ही एकटे आहात. एकट्यानं तुमचं निभणार नाही,' असं त्यानं पत्रात लिहिलं होतं. रुपरावांनी उलट लिहिलं, 'निभते. येऊन पाहा.' तीस वर्षं गिरणीत काढलेल्या माणसाला मुलाच्या क्वार्टरमध्ये पाहुण्यासारखं बसायचं नव्हतं. मुलगा येईल तेव्हा घर झाडलेलं, स्टोव्ह पेटलेला आणि आपण दारात उभे, असं त्यांना दाखवायचं होतं.

पण आधी एक काम उरलं होतं. त्यांच्या बायकोनं, पंचफुलानं, नवऱ्याच्या खोकल्यासाठी तलावातल्या बेटावरच्या महादेवाला नारळ बोलला होता. खोकला गेला. नंतर पंचफुलाही गेली. नारळ राहिला.

हिंगण्याच्या पुढे बसमधून उतरून रुपराव तलावावर पोचले. धोंडबा ढिवरानं त्यांना डोंग्यातून बेटावर सोडलं. चार पळसं, थोडे दगड आणि बिनछपराचा महादेव, एवढंच ते बेट.

"येतो मी, बाबाजी," धोंडबा म्हणाला.

"या," रुपराव म्हणाले.

निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, ते अशुभ असतं. रुपराव स्वतः जन्मभर 'येतो' म्हणूनच घरातून निघाले होते. पण त्या दिवशी त्यांनी तो शब्द जसाच्या तसा घेतला.

त्यांनी नारळ फोडला. "तिनं कबूल केलं होतं. मी पोचवून राहिलो," एवढंच देवाला सांगितलं आणि डोंग्याची वाट पाहत बसले.

अकरा वाजले, बारा वाजले. समोरच्या काठावर डोंगा पालथा पडलेला दिसत होता. रुपरावांना पोहता येत नव्हतं. हाका मारून घसा बसला. दुपट्ट्यातून पाणी गाळून ते प्यायले आणि त्यांनी नारळाची एक वाटी खाल्ली. दुसरी सिंधूताईंना प्रसाद म्हणून ठेवली होती. एक वाजता तीही खाल्ली. मुलगा येईल, दाराला कुलूप पाहील आणि बापाचं सामान बांधायला घेईल. हे सारखं डोळ्यांपुढे येत होतं.

दोनच्या सुमाराला बेटाच्या मागच्या बाजूच्या काठावर एक बाई म्हशी घेऊन आली. रुपरावांनी दुपट्टा हलवला. बाईनं हात वर करून राम राम केला. त्यांनी दोन्ही हात हलवले. बाईनंही दोन्ही हात जोडले आणि सावलीत जाऊन बसली.

शेवटी त्यांनी पळसाचा पालापाचोळा गोळा केला आणि उदबत्तीसाठी आणलेल्या काडीपेटीनं पेटवला. धूर वर चढला. थोड्या वेळानं ती बाई म्हशींसकट समोर उभी होती. तिचं नाव तुळसाबाई.

"पानगे करून राहिले ना गा, बाबाजी? धूर पाहून आली मी. नवसाचं जेवण सोडू नये."

"पानगे नाही बाई. डोंगा निघून गेला. मी अडकलो."

"कुठं अडकले?"

"इथं. बेटावर."

तुळसाबाईनं मागं वळून पाण्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "चैतात याले बेट नाही म्हणत. माझ्या बाजूनं पाणी गुडघ्याएवढं हाय. सारे लोक डोंग्यानं येते अन् इकडून पायी जाते. धोंडबानं सांगतलं नाही?"

"तो येतो म्हणाला."

"मंग? जातो म्हणन का?"

रुपराव एका म्हशीच्या मागं मागं पाणी उतरून गेले.

घरी पोचायला सात वाजले. मधुकर सिंधूताईंच्या ओट्यावर बसला होता. वडिलांच्या पायांवर गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला.

"कुठं गेले होते बाबा?"

"तुझ्या मायचा नवस फेडाले."

"एकटेच? दोन बसा बदलून?"

"एकटाच."

मधुकरनं गाडीत सगळं बोलणं जुळवून आणलं होतं. ते त्याला आता बोलवेना. चार महिन्यांत बाबा गल्लीच्या टोकापलीकडे गेले नव्हते, हे सिंधूताईंनी त्याला नुकतंच सांगितलं होतं.

"मंग निभते तुमचं," तो म्हणाला. "मीच घाई केली. सकाळच्या गाडीनं वापस निघतो."

रुपराव जिंकले. त्यांनी पाय धुतले, कुलूप काढलं, स्टोव्ह पेटवला आणि चहा ठेवला.

"मधू, पाणी गुडघ्याएवढंच होतं गा."

"कोणतं पाणी?"

त्यांनी सगळं सांगितलं. दुसऱ्या राम रामला मधुकर हसायला लागला. "तिथं सारखं वाटे, तू दाराशी बसला असशील," असं वडील म्हणाले, तेव्हा तो थांबला.

सकाळी तो गाडीला न जाता तारघरात जाऊन आला. वडिलांनी तारेची पावती वाचायला मागितली.

"वडील आजारी, रजा पंधरा दिवस वाढवा, असं लिहिलं," मधुकर म्हणाला.

"आजारी काहून? मी ठणठणीत आहो."

"मंग काय लिहू? बाप गुडघाभर पाण्यात अडकला?"

रुपरावांनी थोडा विचार केला.

"आजारीच राहू दे," ते म्हणाले.