हळू गाण्यात माणसां घुसतत

मालवणच्या बंदरावर कानाला वॉकमन लावून मासे विकणारी एकच बाई होती, ती म्हणजे आमची दुरपतकाकी. गिऱ्हाईक आलं की ती भाव एकदाच सांगायची. मग "माजा सांगून झाला," म्हणायची, पदराखालचं बटण दाबायची आणि समुद्राकडे बघत बसायची. पुढे गिऱ्हाइकाने कितीही तोंड हलवलं तरी उपयोग नसे. एकदा पुण्याकडचे एक गृहस्थ तिच्यासमोर उकिडवे बसून सुरमईचा भाव पाडत होते. ताजी नाही म्हणाले, डोळे लाल झालेत म्हणाले, रत्नागिरीत निम्म्याने मिळते म्हणाले. काकी मान डोलवत होती. गृहस्थांना वाटलं, बाईला पटतंय. त्यांनी खूश होऊन पिशवी पुढे केली. काकीने एका कानावरचा फोम जरासा उचलला आणि विचारलं, "घेतास काय? गाणा संपत इला."

बंदराजवळ माझी छोटी खानावळ आहे. रोजची मासळी मी काकीकडूनच घ्यायचे, त्यामुळे तिचा हा कारभार मी जवळून पाहिला. वॉकमन मूळचा पिवळा असावा. बटणांच्या फटीत खवले अडकून त्याचा रंग सांगता येत नव्हता. सेल उतरले की ती ते दाताने चावायची आणि सुकत घातलेल्या बांगड्यांच्या शेजारी उन्हात ठेवायची. "आणखी दोन गाणी देतत," म्हणायची. गिऱ्हाइकाला वाटे, सेलही विकायला आहेत.

गाण्यांबद्दल तिची मतं ठाम होती. बाजारात पास्कू म्हणून एक रेडिओ दुरुस्तीवाला होता. त्याची बहीण गोव्यात, तिकडून तो कॅसेटी आणायचा. त्याने एकदा काकीला मोठ्या हौसेने भजनांची कॅसेट दिली. दुसऱ्या दिवशी ती परत त्याच्या टेबलावर.

"कित्याक गो काकी? केदो गोड गळो तो!"

"गोड आसा रे. पण हळू आसा. हळू गाण्यात माणसां घुसतत."

पास्कूला काही कळलं नाही. तो देत गेला, ती परत करत गेली. विरहाची गाणी गेली, अंगाईगीतं गेली, एक सतारीची कॅसेट तर तिने अर्ध्या वाटेवरून परत आणली. शेवटी त्याने वैतागून लग्नाच्या बँडची कॅसेट दिली. ढोल, ताशे, ट्रंपेट, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. ती मात्र काकीला पसंत पडली. चेहऱ्यावरची रेघ न हलवता ती तासन् तास ते वाजंत्र ऐकत बसायची आणि समोर बांगडे विकायची.

पुढे कॅसेटी मिळेनाशा झाल्या. पास्कूने तिला काडेपेटीएवढा नवा प्लेअर आणून दिला. कानात घालायच्या बारीक बोंड्या, केसांखाली गेल्या की दिसायच्यासुद्धा नाहीत.

"लोकांका दिसतला काय ह्या?" काकीने विचारलं.

"नाय दिसणा! तीच तर मजा!"

"मगे काय उपयोग? माका मोठो दे. लांबसून दिसाक व्हयो."

सगळं जग लहानातलं लहान यंत्र मागत होतं आणि ही बाई मोठ्यातलं मोठं. पास्कूने शोधून शोधून गोव्याहून एक हेडफोन आणला. दोन्ही कानांवर नारळाच्या करवंट्या बसवाव्यात तसा. तो घालून काकी टोपलीमागे बसली की विमान चालवायला निघाल्यासारखी दिसायची. बंदर हसलं. काकीला ते ऐकू आलं नाही.

आता यामागचं सांगते. काकीचा घोव, म्हणजे नवरा, लवकर गेला होता. एकुलता एक झील, म्हणजे मुलगा, गुरू. तो दुसऱ्याच्या होडीवर जायचा. वॉकमन त्याचाच. खारं पाणी लागू नये म्हणून तो घरी ठेवून जायचा. एका सकाळी गेलेली ती होडी उलटली. बरोबरचे दोघे पोहत एका ट्रॉलरपर्यंत पोहोचले. गुरू पोहोचला नाही. देवगडपासून गोव्यापर्यंत शोधलं. त्याचा सदराही मिळाला नाही.

हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण वॉकमनचं कारण मला काकीनेच सांगितलं. पावसाळ्यात होड्या बंद असत, तेव्हा ती माझ्याकडे सुकट निवडायला यायची. खानावळ रिकामी होती. ती आपणहून बोलायला लागली.

"पयल्यांदा सगळीच इचारीत. काय कळला गो? गावलो गो? मायेन इचारीत, वायट नाय कोण. मगे कोणतरी सांगल्यान, गुरूसारखो एक रेडीच्या बंदरात बघलो, लोखंडाची तांबडी माती भरता बोटीत. मी गेलंय. थंय सगळ्यांची तोंडां तांबडीलाल. वळखाचो कसो? मी एकेकाक तोंड धुवाक लायलंय."

"आणि त्यांनी धुतलं?"

"धुतल्यानी बापड्यांनी. मुकाट लायनीत उभे रवले. एकेकाचा तोंड धुवन झाला की मी बघी आणि म्हणी, तू न्हय." तिने सुकटीतला एक खडा काढून टाकला. "थंयसून इलंय आणि दुसऱ्या दिवशी बाजारात बसलंय. सकाळपासून सगळी एकच. गावलो गो? गावलो? नाय म्हणाक माजी जीभ उठना. तिसऱ्या दिवशी तेचा ता यंत्र कानाक लायलंय. लोक इले, तोंडां हलयली, गेले. बरा वाटला माका."

पुढची सुकट आम्ही दोघींनी मिळून निवडली.

त्यानंतर काही वर्षांनी दिवाळीनंतरच्या एका वादळात आमच्या शेजारच्या सुलभाच्या नवऱ्याची होडी परतली नाही. सुलभा जेमतेम पंचविशीची. मी पोहोचले तेव्हा अंगण बायकांनी भरलं होतं आणि जी येईल ती तिला एकच विचारत होती, काय कळला गो? ती प्रत्येकीला तेच सांगत होती, आणि दर वेळी तिचा आवाज आणखी बारीक होत होता.

दुपारी काकी आली. डोकीला तो हेडफोन नव्हता. तिने सुलभाला आत नेऊन बसवलं, दार ओढून घेतलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसली.

"इचाराचा ता माका इचारा," ती म्हणाली. "तिका नाय."

मग गावातलं प्रत्येक माणूस काकीला विचारून गेलं. नातेवाईक आले, पतपेढीतले आले, कुठल्या ज्योतिषाचा निरोप घेऊन कोणी आलं. इतकी वर्षं जिने एक शब्द कानात घेतला नव्हता, तिने सगळ्यांचं सगळं ऐकलं आणि प्रत्येकाला शांतपणे सांगितलं, "अजून नाय." मासे विकायला ती गेली नाही. मी दोन वेळचं जेवण नेऊन द्यायचे. ती अर्धं सुलभाला भरवायची आणि उरलं तर खायची.

चौथ्या दिवशी कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर प्रेत लागलं. अंगावरच्या सदऱ्यावरून ओळखलं, तोंडावरून ओळखण्यासारखं काही नव्हतं. घरी आणलं तेव्हा सुलभा दगडासारखी उभी होती. बायका तिला रडवायला बघत होत्या. काकीने त्यांना बाजूला केलं आणि तिचे दोन्ही खांदे धरले.

"तुजो गावलो गो," ती म्हणाली. "गावलो तुजो. तुका रडाक येता आता. रड."

आणि सुलभा रडली.

माणसं स्मशानात गेली, तशी काकी उठून मागीलदारी गेली. परतणाऱ्यांच्या आंघोळीसाठी तिने चुलीवर हंडा चढवला. मी मदतीला गेले. पाण्याला आधण आलं होतं, तरी ती आत लाकडं सारतच होती.

"काकी, पुरे आता. भाजेल कोणीतरी."

तिने हातातलं लाकूड थांबवलं.

"गुरूक न्हावक पाणी कडकडीत लागायचा," ती म्हणाली. "न्हाताना आरडायचो, पण थंड घेय नसे."

मी तिच्याजवळ चुलीपाशी बसले. ती आणखी सांगत राहिली.